बँडचा उतार आणि बँडचा पीळ: ग्रिड बदलला की हॉलचा आकडा का हलतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कालिन्याला एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने चौकोनी जाळीवर दोन बँडचं टाइट-बाइंडिंग मॉडेल (इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्यावर उडी मारतो असं धरणारं) लिहिलं आहे. बँड म्हणजे स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या तरंगसदिशानुसार, म्हणजे के-नुसार, कशी बदलते ते; त्याच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचा वेग मिळतो, बाकावरून प्रभावी वस्तुमान मिळतं. मग 'बेरी वक्रता' आणि 'क्वांटम मेट्रिक' ही भूमिती वर कशाला हवी? प्रयोगात ती कुठे हाती लागते? आणि खरं दुखणं हे की हॉल वाहकता (विद्युतक्षेत्राला आडव्या प्रवाहाची) काढताना के-बिंदूंचा १०० चा ग्रिड घेतला की एक आकडा येतो, १०१ चा घेतला की भलताच. कोडमध्ये चूक कुठे आहे?

बहुधा कोडमध्ये चूक नाहीच. पण का नाही, हे कळायला पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

बँडचा आलेख फक्त ऊर्जा दाखवतो. प्रत्येक के-बिंदूवर ऊर्जेबरोबर एक तरंगफलही असतं, म्हणजे कोणतं ऑर्बिटल किती प्रमाणात आणि कोणत्या फेजने मिसळलं आहे याची यादी. आलेख काढताना ही यादी आपण टाकून देतो. लोकलच्या वेळापत्रकात गाडीचा वेग कळतो, डब्यात कोण बसलंय ते कळत नाही, तसंच. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे शेजारी येतात, पूल ओलांडून माणसं इकडची तिकडे होतात. गाडी तीच, पण दादरच्या आधीचा डबा आणि नंतरचा डबा यांत चेहरे वेगळे. दोन बँड जिथे एकमेकांजवळ येऊन न छेदता परत फिरतात तिथे नेमकं हेच घडतं: ऑर्बिटलांची अदलाबदल. शेजारच्या दोन के-बिंदूंमध्ये ही यादी किती बदलली, त्या 'अंतराचा' वर्ग म्हणजे क्वांटम मेट्रिक. उपमा इथेच संपते, कारण डब्यातल्या गर्दीला फेज नसतो. के-अवकाशात एका लहान चौकोनाभोवती फेरी मारून परत आल्यावर तरंगफलाने जो जादा फेज कमावलेला असतो, तो भागिले चौकोनाचं क्षेत्रफळ, ही बेरी वक्रता. मायकेल बेरी यांचं काम १९८४ चं; ध्रुवीकृत प्रकाशासाठी हाच फेज एस. पंचरत्नम यांनी बंगळूरला १९५६ मध्ये मांडला होता, हे आपल्याकडच्या अभ्यासक्रमात अजूनही तळटीपेतच असतं.

मेट्रिक आणि वक्रता ही एकाच राशीची दोन अंगं आहेत. क्वांटम जॉमेट्रिक टेन्सरचा वास्तव भाग म्हणजे मेट्रिक, आणि काल्पनिक भागाची उणे दोन पट म्हणजे वक्रता. त्यामुळे दोघांत एक बंधन येतं: द्विमितीत मेट्रिकचा ट्रेस वक्रतेच्या निरपेक्ष मूल्यापेक्षा कधीच कमी नसतो. वक्रता आहे तिथे मेट्रिक असणारच. उलट मात्र खरं नाही. सममितीमुळे वक्रता शून्य झाली तरी मेट्रिक ठणठणीत उरू शकतं. पुढे याचा उपयोग आहे.

आता प्रवाहाकडे. विद्युतक्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनच्या वेगात दोन पदं येतात. एक ओळखीचं, बँडच्या उताराचं. दुसरं, क्षेत्र गुणिले बेरी वक्रता, आणि त्याची दिशा क्षेत्राला आडवी. हे आडवं पद कार्प्लस आणि लटिंजर यांनी १९५४ मध्येच काढलं होतं. त्याला भूमितीचं नाव नंतर मिळालं. सगळ्या भरलेल्या अवस्थांवर वक्रतेची बेरीज केली की अंगभूत हॉल वाहकता मिळते. बँड पूर्ण भरलेला असेल तर ती बेरीज दोन पायच्या (२π च्या) पूर्णांक पटीत येते (थाउलेस आणि सहकारी, १९८२), तो पूर्णांक म्हणजे चर्न क्रमांक, आणि चर्न एक असेल तर हॉल रोध २५,८१२.८ ओहम.

सममिती आधी तपासा, गणित नंतर करा. कालप्रत्यावर्तन (काळ उलटा फिरवला तरी सारखं) असेल तर वक्रता के आणि उणे के इथे विरुद्ध चिन्हाची असते, बेरीज शून्य, रेषीय हॉल नाही. व्युत्क्रम सममिती (प्रत्येक जागा केंद्राच्या उलट बाजूला नेली तरी सारखं) असेल तर दोन्हीकडे समान चिन्ह. दोन्ही सममिती असतील, किंवा नुसता त्यांचा गुणाकार शाबूत असेल, तर वक्रता प्रत्येक बिंदूवर शून्य. अशा पदार्थात रेषीय हॉलचा आकडा आला तर तो गोंगाट आहे, शोध नव्हे.

आता १०० आणि १०१ चं कोडं. दोन बँड जवळजवळ भिडतात पण मध्ये ऊर्जेची थोडी फट (गॅप) उरते, अशा डिरॅक बिंदूजवळ वक्रतेचं शिखर असतं. त्याची उंची म्हणजे एच-बार गुणिले वेग यांचा वर्ग, भागिले अर्ध्या गॅपच्या वर्गाची दुप्पट. रुंदी म्हणजे अर्धा गॅप भागिले एच-बार-वेग. सोयीचे आकडे घ्या: एच-बार-वेग ३ ईव्ही-अँगस्ट्रॉम, गॅप २० मिली-ईव्ही म्हणजे अर्धा १०. शिखर ४५,००० वर्ग अँगस्ट्रॉम उंच, आणि रुंदी जेमतेम ०.००३३ प्रति अँगस्ट्रॉम. जाळीचा स्थिरांक ३ अँगस्ट्रॉम असेल तर झोनची (के-अवकाशातल्या एका पूर्ण खणाची) बाजू २.०९ प्रति अँगस्ट्रॉम, शंभर भाग केले की दोन बिंदूंतलं अंतर ०.०२१. म्हणजे तुमची चाळण शिखराच्या रुंदीच्या सहापट ढोबळ.

तुमच्या मॉडेलमध्ये गॅप झोनच्या कोपऱ्यात आहे. ग्रिड शून्यापासून सुरू होऊन १०० भागांचा असेल तर कोपरा नेमका एका बिंदूवर येतो, आणि शिखराखालचं खरं क्षेत्रफळ पाय (π, म्हणजे ३.१४) असताना तो एकटा बिंदूच जवळजवळ २० देतो, म्हणजे सहापटीहून जास्त. १०१ भाग केले की कोपरा चार बिंदूंच्या बरोबर मध्ये पडतो आणि बेरीज खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. सूत्र बरोबर, कोड बरोबर, नमुना घेण्याची पद्धत चूक. रासायनिक विभव (इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जेपर्यंत भरले आहेत ती पातळी) गॅपमध्ये असेल तर ६०० × ६०० वर या शिखरापुरती चूक सुमारे एक टक्क्यावर येते. विभव बँडमध्ये असेल तर फर्मी रेषा (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांची सीमा) शिखराला मध्येच कापते आणि अभिसरण बरंच हळू होतं; तिथे सगळीकडे दाट ग्रिड घेण्यापेक्षा मोठी वक्रता दिसेल त्या खणातच बारीक ग्रिड टाकणं शहाणपणाचं.

नुसता चर्न क्रमांक हवा असेल तर एवढा खटाटोप नको. फुकुई, हात्सुगाई आणि सुझुकी यांची २००५ ची पद्धत वापरा: शेजारच्या बिंदूंवरच्या तरंगफलांचे अंतर्गुणाकार घ्या, प्रत्येक लहान चौकोनाभोवती चारांचा गुणाकार करा, त्याचा फेज उणे पाय ते पाय यांच्यात ठेवा, सगळे फेज मिळवा, दोन पायने भागा. पूर्णांकच येतो. पण पूर्णांक आला म्हणजे बरोबर आला असं धरू नका. ग्रिड फार विरळ असेल तर चुकीचा पूर्णांकही तितक्याच ठामपणे येतो. ग्रिड दुप्पट करून एकदा खात्री करा. भरलेले बँड एकमेकांना चिकटत असतील तर एकेका बँडचा अंतर्गुणाकार न घेता सगळ्या भरलेल्या बँडांच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट घ्यायचा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या आणखी चार चुका:

तरंगफलाचं थेट संख्यात्मक अवकलन. प्रत्येक बिंदूवर संगणक आयगेनव्हेक्टरला मन मानेल तो फेज लावतो, त्यामुळे दोन शेजाऱ्यांची वजाबाकी निरर्थक. अवकलन हॅमिल्टनियनचं करा आणि दोन बँडमधले वेगाचे मॅट्रिक्स घटक, भागिले ऊर्जाफरकाचा वर्ग, हे सूत्र वापरा. बेरीज फक्त भरलेला-रिकामा अशा जोड्यांवर. भरलेला-भरलेला जोड्या कागदावर एकमेकांना खातात, संगणकात मात्र दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी होते आणि अचूकता तिथेच जाते.

भाजकात 'सुरक्षेसाठी' घातलेली भर. ऊर्जाफरक शून्य होऊ नये म्हणून लोक ५० मिली-ईव्ही घालतात आणि २० मिली-ईव्हीचा गॅप त्यात बुडून जातो. आलेख गुळगुळीत दिसतो, म्हणून शंकाही येत नाही.

चिन्ह. इलेक्ट्रॉनचा प्रभार, फूरिएची दिशा, वक्रतेची व्याख्या: तीन ठिकाणी उणे लपतं. हॉल्डेनचं १९८८ चं मॉडेल (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवरचं) चालवून पाहा. दुसऱ्या शेजाऱ्याचं हॉपिंग (तिकडे उडी मारण्याची ताकद) पहिल्याच्या ०.१ पट, फेज पायचा अर्धा. उपजाळीतल्या ऊर्जाफरकाचा पॅरामीटर ३√३ × ०.१, म्हणजे ०.५२ च्या आत असेल तर चर्न क्रमांक अधिक किंवा उणे एक, बाहेर शून्य. ०.५० आणि ०.५४ वर तुमचा कोड बरोबर उडी मारतो का ते बघा. दोन्हीकडे गॅप हॉपिंगच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे ग्रिडचीही परीक्षा होते.

चौथी सगळ्यात फसवी: ऑर्बिटलांच्या जागा. हॅमिल्टनियन लिहिताना फूरिएचा फेज युनिट सेलच्या जागेवरून घेतला, की अणूच्या खऱ्या जागेवरून? बँड दोन्हीत तंतोतंत सारखे येतात, चर्न क्रमांकही सारखा. पण वक्रतेचा के-नुसार नकाशा आणि मेट्रिक बदलतात. विद्युतक्षेत्र अणूच्या खऱ्या जागेवर काम करतं, म्हणून वहनासाठी खऱ्या जागांचाच संकेत घ्या. दोन निबंधांतली मेट्रिकची चित्रं जुळत नसली तर मी आधी इथेच बोट ठेवेन.

मॉडेलकडून खऱ्या पदार्थाकडे जाताना डीएफटीवर (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं मूळ तत्त्वांवरून केलेलं गणित) थेट ६०० चा ग्रिड परवडत नाही. क्वांटम एस्प्रेसोसारख्या पॅकेजने विरळ ग्रिडवर गणित करा, वानिअर९०ने वानिअर फलनं (अणूंच्या आसपास एकवटलेली तरंगफलं) बांधा, आणि दाट ग्रिडवर अंतर्वेशन करा. स्पिन-कक्षा युग्मन चालू हवं. लोखंडासारख्या चुंबकात त्याशिवाय अंगभूत हॉल शून्यच येईल. वानिअरचे बँड डीएफटीच्या बँडवर ठेवून बघा: फर्मी पातळीजवळ काही मिली-ईव्हीपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, आणि फ्रोझन विंडो (ज्या ऊर्जापट्ट्यात बँड हुबेहूब जुळवले जातात तो) फर्मी पातळीच्या पुरेशी वर न्या. आणखी एक खोड: वानिअर फलनांनी स्फटिकाची सममिती किंचित मोडली, तर जिथे सममितीने छेद असायला हवा तिथे एखाद्या मिली-ईव्हीचा खोटा गॅप उघडतो. गॅप जितका लहान तितकं शिखर उंच, म्हणजे सगळ्यात मोठी वक्रता नेमकी चुकीच्या जागी. शिखर दिसलं की तिथले बँड आधी डीएफटीत तपासा.

परिमाणाचा अंदाज हाताशी असावा. ई-वर्ग भागिले एच म्हणजे ३.८७४ × १०⁻⁵ सीमेन्स. १ नॅनोमीटर जाडीच्या थराला एक पूर्ण क्वांटम दिला तर ३८७ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. तुमचं उत्तर ५०,००० आलं तर सेलचं आकारमान भागायचं राहिलंय. लोखंडासाठी २००४ च्या गणितात ७५१ आलं, २००६ मध्ये वानिअर अंतर्वेशनाने ७५६. प्रयोगातलं नेहमी दिलं जाणारं मूल्य १,०३२. उरलेला फरक अशुद्धींवरच्या विकिरणाचा असू शकतो, गणिताच्या अंदाजांचाही. कोबाल्ट, टिन आणि गंधक यांच्या कागोमे जाळीच्या चुंबकात २०१८ मध्ये १,१३० मोजलं गेलं आणि हॉल कोन (हॉल वाहकता भागिले प्रवाहाच्या दिशेची, म्हणजे उभी, वाहकता) २० टक्के. आकडा लोखंडाच्या जवळचाच, पण तिथे वाहक कमी आणि वक्रता वाइल बिंदूंजवळ (जिथे दोन बँड एकमेकांना छेदतात) एकवटलेली, म्हणून कोन एवढा मोठा. आणि एकच आकडा कधीच देऊ नका; फर्मी पातळी १०० मिली-ईव्ही वर-खाली करून आलेख द्या, कारण खरा नमुना स्वतःच थोडा डोप झालेला असतो.

प्रयोगात रोधकता मोजली जाते, वाहकता नाही. हॉल वाहकता म्हणजे हॉल रोधकता भागिले (उभ्या रोधकतेचा वर्ग अधिक हॉल रोधकतेचा वर्ग). नुसता हॉल रोधकतेचा व्यस्त घेणं ही चूक अजूनही दिसते. मग भूमितीचा वाटा ओळखायचा कसा? भूमितीला विकिरणकाळाची (इलेक्ट्रॉनच्या दोन धडकांमधल्या वेळेची) पर्वा नसते. उभी वाहकता १०⁴ ते १०⁶ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात असेल तर हॉल वाहकता तिच्यावर फारशी अवलंबून राहत नाही. १०⁶ च्या वर तिरकं विकिरण (अशुद्धींवर आपटून इलेक्ट्रॉन एकाच बाजूला जास्त वळणं) भारी पडतं, ते उभ्या वाहकतेच्या प्रमाणात वाढतं. १०⁴ च्या खाली मळका धातू: हॉल वाहकता उभीच्या साधारण १.६ व्या घाताने घसरते. एकाच नमुन्याच्या एका तापमानावरून 'अंगभूत' म्हणणं धाडसाचं. वेगवेगळ्या जाडीचे पातळ थर आणि तापमान दोन्ही बदलून बघावं लागतं. तापमानाची आणखी एक अडचण: खोलीच्या तापमानाला केटी (उष्णतेची ऊर्जा) सुमारे २६ मिली-ईव्ही. वरच्या उदाहरणातला २० मिली-ईव्हीचा गॅप त्यात हरवतो, दोन्ही बँड अर्धवट भरतात, आणि त्यांच्या वक्रता विरुद्ध चिन्हाच्या असल्याने एकमेकींना खातात.

खरी गंमत दुसऱ्या घातात आहे. कालप्रत्यावर्तन शाबूत, म्हणून रेषीय हॉल शून्य. पण व्युत्क्रम सममिती मोडलेली. क्षेत्र लावलं की फर्मी समुद्र थोडा सरकतो, एका बाजूची वक्रता जास्त मोजली जाते, दुसऱ्या बाजूची कमी, आणि क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात आडवा प्रवाह उरतो. हा बेरी वक्रतेचा द्विध्रुव. सोडेमान आणि फू यांनी २०१५ मध्ये मांडला, २०१९ मध्ये टंग्स्टन डायटेल्युराइडच्या दोन आणि काही थरांच्या नमुन्यांत दिसला. द्विमितीत आरसा-रेषा जास्तीत जास्त एकच चालते. त्रिघात फिरवणीची सममिती असेल तर द्विध्रुव मेलाच.

क्वांटम मेट्रिकची पाळी त्याच्यापुढे येते. क्षेत्र स्वतःच बँड मिसळतं, तरंगपुंजाचं केंद्र सरकवतं, त्यामुळे वक्रतेतच क्षेत्राच्या प्रमाणात भर पडते (गाओ, यांग आणि निऊ, २०१४). ही भर बँडच्या मेट्रिकवरून ठरते आणि तिला विकिरणकाळ लागत नाही. व्युत्क्रम आणि कालप्रत्यावर्तन दोन्ही मोडलेले, पण गुणाकार शाबूत, अशा अँटिफेरोचुंबकात वक्रता सगळीकडे शून्य, त्यामुळे मेट्रिकला अडथळा नाही. सम संख्येच्या थरांचं मँगनीज बिस्मथ टेल्युराइड हे तसं. २०२३ मध्ये त्यात हा परिणाम मोजला गेला. एका प्रयोगात त्रिघात सममिती मोडायला सहा थरांवर काळा फॉस्फरस ठेवला होता. अँटिफेरोचुंबकीय क्रम उलटवला की चिन्ह उलटतं, ही त्यातली सगळ्यात पटणारी खूण.

मोजणी मात्र निसरडी. वारंवारता १७.७७ हर्ट्झसारखी घ्या. २५ नको, कारण तिचा दुसरा हार्मोनिक थेट ५० हर्ट्झच्या मेन्सवर बसतो. साइनचा वर्ग कोसाइनमध्ये जात असल्याने खरा सिग्नल लॉक-इनच्या (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल मोजणाऱ्या यंत्राच्या) ९० अंशांच्या चॅनलवर यायला हवा. शून्य अंशावर मोठा भाग दिसला तर आधी कपॅसिटिव्ह गळती शोधा. मग या तपासण्या: प्रवाहाच्या वर्गाशी सरळ रेषा येते का. प्रवाहाची आणि व्होल्टेजची टोकं एकाच वेळी उलटली तर चिन्ह बदलतं का. दुसऱ्या घाताचं बदलायलाच हवं. ७७.७७ आणि १३७.७७ हर्ट्झवर आकडा तोच राहतो का. काँटॅक्टच्या जोड्या बदलल्यावर? काँटॅक्ट ओहमिक नसेल तर तो डायोडसारखा वागून दुसरा हार्मोनिक फुकटात देतो. नमुना तापून थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेजही दुप्पट वारंवारतेवरच येतं, आणि तेही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून नुसत्या सरळ रेषेवर विसंबू नका. गेट असलेल्या उपकरणात नमुन्याचं स्वतःचं व्होल्टेज गेटसारखं काम करून वाहक संख्या हलवतं. त्यासाठी दोन्ही टोकांना समान आणि विरुद्ध व्होल्टेज देऊन मध्य शून्यावर ठेवतात.

हे सगळं पार पडलं की आडवं क्षेत्र भागिले उभ्या क्षेत्राचा वर्ग, ही राशी उभ्या वाहकतेसमोर मांडा. द्विध्रुवाचा वाटा स्थिर राहतो, मेट्रिकचा वाहकतेच्या व्यस्तात जातो, ड्रूडसारखं पद वाहकतेच्या प्रमाणात, तिरकं विकिरण तिच्या वर्गाच्या प्रमाणात. वाहकता तापमानाने बदलणार असाल तर वाहक संख्या त्याच वेळी बदलत नाही ना, हे साध्या हॉलने वेगळं तपासा. नाहीतर सगळी छाननी वाया.

आपल्या हवेबद्दल एक वाक्य: टंग्स्टन डायटेल्युराइडचे पातळ थर आणि काळा फॉस्फरस ऑक्सिजन-बाष्पात खराब होतात. जुलैतल्या मुंबईत उघड्या टेबलावर ते सोलायचा विचारही नको. एक पीपीएमखालचा ग्लोव्हबॉक्स आणि वर बोरॉन नायट्राइडचं झाकण.

शेवटी सपाट बँड. उतार शून्य, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने वेग शून्य, म्हणजे अतिवाहकताही अशक्य वाटते. पेओत्ता आणि टोर्मा यांनी २०१५ मध्ये दाखवलं की अशा बँडमध्ये अतिप्रवाहाचा भार मेट्रिकच्या झोनभरच्या बेरजेवरून येतो: शेजारच्या वानिअर फलनांचं एकमेकांवर आलेलं अंग पुरेसं असेल तर जोडी एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकते. सुमारे १.१ अंशांनी वळवलेल्या दुहेरी ग्राफिनमध्ये, जिथे २०१८ मध्ये अतिवाहकता सापडली, हा वाटा मोठा असावा असं म्हणायला जागा आहे. पण इथे ऑर्बिटलांच्या जागेचा मुद्दा परत डोकं वर काढतो. अतिप्रवाहाचा भार ही मोजता येणारी राशी आहे, ती तुम्ही निवडलेल्या संकेतावर अवलंबून असू शकत नाही, मेट्रिक असतं. त्यामुळे सूत्रात येतं ते जागा हलवून मिळणारं किमान मेट्रिक. तुमच्याच मॉडेलमध्ये एक बँड सपाट करून, ऑर्बिटलांच्या जागा सेलच्या आत हव्या तशा सरकवून, बेरीज किती खाली येते ते काढा. दोन बँडच्या मॉडेलला साध्या लॅपटॉपवर फारसा वेळ लागणार नाही.